देवकाबाईचा फेरकाटा

देवकाबाईशी माझी ओळख भांडणातून झाली आणि त्या भांडणात मी हरले. पळसबोडीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून माझी नुकतीच बदली झाली होती. सकाळी दारात एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई डोक्यावरचं टोपलं उतरवून उभी राहिली. भाव करायच्या आधी माल शिळा म्हणायचा ही माझी ब्रह्मपुरीची सवय. मी म्हणाले, "मासा शिळा दिसून राह्यला."

तिनं एक रोहू उचलला, त्याचे कल्ले बोटानं उघडले आणि थेट माझ्या नाकाशी धरला.

"नाकाले इचारा बाई. तोंडाले कायले इचारता?"

कल्ले लालबुंद होते आणि वास नुसता पाण्याचा येत होता. मी मुकाट्यानं पातेलं आणलं. त्या दिवसापासून तिच्या मालाला मी नाव ठेवलं नाही, आणि तिनंही तो किस्सा साऱ्या ढिवरमोहल्ल्यात सांगून माझी पुरती शोभा केली.

पळसबोडी वडशापासून एस.टी.नं तासाभराच्या आत. गावाला मालगुजारांच्या काळातला जुना तलाव आहे, आणि तो ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे असतो. पुरुष जाळं ओढतात, बाया माल वडशाला नेऊन विकतात. सकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली सगळा माल आधी संस्थेच्या काट्यावर चढतो आणि मग ज्याचा त्याला वाटा मिळतो. हा काटा कुणी धरायचा, याला त्या मोहल्ल्यात सरपंचकीपेक्षा जास्त मान. तो मान कित्येक वर्षं देवकाबाईकडे होता.

काट्याचा एक नियम होता. कुणालाही माप खोटं वाटलं तर त्यानं "फेरकाटा" म्हणायचं. एकदा तो शब्द उच्चारला की सगळा माल पुन्हा चढवायचा. अध्यक्ष असो की कुणाचा जावई, नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हणेल त्याला त्या दिवशी वाट्यात जागा नाही. आणि फेरकाट्यात चूक निघाली, तर काटा धरणाऱ्यानं तो खाली ठेवायचा आणि तो हंगाम संपेपर्यंत हात लावायचा नाही. देवकाबाईच्या वेळी फेरकाटा कुणी मागितलाच नव्हता. मागायची हिंमत नव्हती असं काही जण म्हणत, पण खरं म्हणजे गरजच पडली नव्हती.

वडशाच्या बाजारात व्यापाऱ्याच्या काट्यावर तोच माल पुन्हा चढे. तो काटा नेहमी थोडं कमी दाखवी. मी एकदा तिला म्हणाले, "तो लबाड आहे हे माहीत असून त्यालाच कशाला देता?" ती हसली. "तो रोज एकाच बाजूनं खोटा हाय, बाई. तेवढं धरून चालाचं. अशा संगं संसार होते. आज इकडं न् उद्या तिकडं झुकते तो काटा वाईट." तिच्या संसाराबद्दल मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, म्हणून मीही हसले.

नंतर कळलं. तिचा नवरा, इस्तारी, जाळं ओढायला पाळीवर गेला होता. जाळं अर्धं बाहेर आलेलं, आणि तो सोबत्यांना म्हणाला, "जरा बसतो." बसला तो उठलाच नाही. वय पस्तिशीचं. त्याच्या आधी त्याचा मोठा भाऊही असाच तरणाताठा गेला होता. तलावाचा देव या घराचे पुरुष मागतो, असं मोहल्ल्यात बोलत. देवकाबाई ते नुसतं ऐकून घेई. तिच्या पदरात तेव्हा गोपाल होता, जेमतेम शाळेत जाणारा.

माझ्या वेळेपर्यंत गोपाल अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. बापासारखाच रुंद खांद्याचा, मोहल्ल्यात सगळ्यांत लांब जाळं फेकणारा. आरमोरीकडची रुपाली नावाची मुलगी त्याला पाहून ठेवली होती आणि उन्हाळ्यात लग्न धरलं होतं. दोन हजार एक सालचा तो हिवाळा. वडशाला नाटकांचे मंडप लागले होते आणि अर्धं गाव रोज कुठल्या ना कुठल्या नाटकाला जात होतं.

त्याच हिवाळ्यात एका ट्रस्टच्या दवाखान्याची जीप आमच्या उपकेंद्रापुढे येऊन थांबली. डॉक्टर बाई, त्यांच्यासोबत स्वप्निल नावाचा लॅबचा तरुण आणि एका डब्यात रेडिओपेक्षा लहान असं मशीन. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा आणि पट्टी मशीनमध्ये सरकवायची. थोड्याच वेळात कोलेस्टेरॉलचा आकडा येई, रुग्णाच्या खाटेपाशी बसूनच. नाहीतर दंडाच्या शिरेतून रक्त काढून नळी चंद्रपूरच्या लॅबला पाठवायची आणि निकालाची वाट बघायची. आमच्या भागातल्या हृदयाच्या पेशंटाचा नुसत्या तपासणीपायी अख्खा दिवस जाई. पावसाळ्यात नाला चढला तर तेही नाही.

"मशीन इथं ठेवता येईल," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पण आधी ते खरं बोलतं का ते बघायला हवं. त्याच माणसाचं त्याच सकाळी दोन्ही करायचं. बोटाचंही आणि शिरेचंही. मग आकडे शेजारी ठेवून बघायचं."

माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. एका टोचणीला लोक आणताना माझ्या तोंडाला फेस येतो, आणि यांना दोन हव्या होत्या, त्याही उपाशीपोटी. झालंही तसंच. "एकदा रक्त घेतलं तं पुन्हा काऊन?" "पयल्याचं काय करता, इकता का?" मी चार घरं फिरले आणि चिडून परत आले.

मग देवकाबाईच उठली. मोहाखाली काटा हातात धरून तिनं सांगितलं, "आपण माल दोनदा मोजतो का नाई? इथी एकदा, वडशाले एकदा. तसंच हे. नवीन काटा आला हाय. तो खरा का खोटा, हे जुन्या काट्यावर चढवल्याबिगर कसं समजंन?" एवढं बोलून ती माल मोजायला लागली. जे काम माझ्या चार घरांनी झालं नव्हतं ते त्या चार वाक्यांनी झालं. मी सरकारी पगार घेऊन तिचा हेवा केला, हे मला सांगायला लाज वाटत नाही.

ठरलेल्या सकाळी ढिवरमोहल्ला रांगेत बसला. दोघं-तिघं सरळ नाटकाच्या मंडपातून आले होते आणि त्यांच्या तोंडाला भज्यांचा वास होता. त्यांना मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. बाकीचे नेमानं उपाशी होते.

गोपालचा नंबर आला तेव्हा डॉक्टर बाईंनी त्याचा हात धरून थोडा वेळ पाहिला. बोटांच्या सांध्यांवर टणक, पिवळसर गाठी होत्या. मग त्यांनी त्याला चपला काढायला लावल्या. टाचेच्या वरची शीरही तशीच जाड, गाठाळलेली.

"या कशाच्या?"

"जाळ्याच्या दोरीच्या," गोपाल म्हणाला. "माह्या बापालेबी होत्या."

देवकाबाई दाराशी उभी होती. "होत्या," ती म्हणाली. "टाचेलेच होत्या. त्याले शेवटची आंघोळ घातली तवा हाताले लागल्या."

डॉक्टर बाईंनी गोपालला बापाचं विचारलं, चुलत्याचं विचारलं. मग शांतपणे सांगितलं की या गाठी दोरीच्या नाहीत. काही घराण्यांत रक्तातली चरबी जन्मापासूनच फार असते, ती अशी साठते आणि हृदयाच्या नळ्यांतही साठते. वेळेवर कळलं तर औषध आहे.

स्वप्निलनं गोपालच्या बोटाला टोचलं. रक्त येईना. वर्षानुवर्षं ओली दोरी ओढून त्या बोटांचं कातडं टाचेसारखं झालेलं. त्यानं पुन्हा टोचलं, बोट पिळलं, पुन्हा पिळलं, तेव्हा एक लहानसा थेंब आला. मशीननं आकडा दाखवला एकशे शहाण्णव. दोनशेच्या आत, म्हणजे ठीक.

गोपालच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की मलाही हसू फुटलं. "पाह्यलं का बाई? पास," तो आईला म्हणाला. डॉक्टर बाई मात्र हसल्या नाहीत. "गाठी पाहता हा आकडा मला पटत नाही," त्या म्हणाल्या. "शिरेचं रक्त लॅबला जाऊ दे. तिथलं उत्तर येईपर्यंत काही ठरवायचं नाही."

जीप तशीच पुढच्या गावाला जायची होती. देवकाबाई रोज माल घेऊन वडशाला जातेच, तेव्हा नळ्यांचा डबा तिनंच न्यावा आणि स्टेशनवर दवाखान्याच्या माणसाच्या हाती द्यावा, असं ठरलं. स्वप्निलनं नळ्या एका पत्र्याच्या डब्यात उभ्या लावल्या आणि डब्याच्या बाहेरून थोडा बर्फ घातला. "मावशी, थंड राह्यलं पाहिजे, पण बर्फ नळीला लागू द्यायचा नाही," त्यानं दोनदा सांगितलं. देवकाबाईनं मान हलवली. बर्फाबद्दल तिला कुणी सांगावं, याची तिला गंमत वाटली असणार.

कारण वडशाच्या बाजारातून तिचा माल परत आला, असं कधी घडलंच नव्हतं. टोपल्याच्या तळाला धानाचा कोंडा, त्यावर फोडलेला बर्फ, बर्फावर मूठभर जाडं मीठ, मग मासा, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ, वरून कोंडा आणि ओलं पोतं. मीठ पडलं की बर्फाचा गारवा कडक होतो, हे तिच्या सासूनं तिला शिकवलेलं. भर उन्हाळ्यात तिचा मासा दगडासारखा कडक निघे.

तिनं घरी जाऊन तो पत्र्याचा डबा पाहिला. बर्फ बाहेर आणि माल आत कोरडा. तिच्या मते लॅबच्या पोरानं पॅकिंग अगदीच कच्चं केलं होतं. आत तिच्या एकुलत्या एका पोराचं रक्त होतं. तिनं नळ्या एक-एक करून बाहेर काढल्या आणि आपल्या सगळ्यांत चांगल्या टोपल्यात रोहूसारख्या निजवल्या. खाली कोंडा, मग बर्फ, बर्फावर मीठ. त्या दिवशी मीठ तिनं नेहमीपेक्षा जास्त घातलं.

काही दिवसांनी स्वप्निल मोटरसायकलवरून एकटाच आला. देवकाबाईला उपकेंद्रात बोलावून घेतलं. तो रागावलेला होता, पण तिच्यासमोर त्याला रागावता येईना.

"मावशी, सगळ्या नळ्या गोठून दगड झाल्या होत्या. गोठलं की रक्त फुटतं. लॅबनं एकही तपासली नाही. सगळ्या फेकून दिल्या."

देवकाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला. मग म्हणाली, "म्हंजे माहा माल सडला."

"सडला नाही हो, गोठला."

"गिऱ्हाइकानं परत केला ना? मंग सडलाच."

मी तिला इतकी लहान झालेली कधी पाहिली नव्हती. मला तिची दया आली आणि दया आली की मी खोटं बोलायला तयार होते, हा माझा स्वभाव. मी म्हणाले, "लोकांना सांगू की रस्त्यात नळ्या फुटल्या. एस.टी.चे धक्के कुणाला माहीत नाहीत?" स्वप्निलनंही लगेच होकार दिला. डॉक्टर बाई पुन्हा यायला तयार होत्या, फक्त लोकांनी पुन्हा रक्त द्यायला हवं होतं.

पण लोक पुन्हा देणार नव्हते. नळ्या वाया गेल्या, पुन्हा रक्त द्यायचं, ही बातमी मोहल्ल्यात माझ्याआधी पोचली होती, आणि सगळ्यांत आधी नाही म्हणाला तो गोपाल. उपकेंद्राच्या ओट्यावर मायलेकाचं जे झालं ते मी आतून ऐकलं. ऐकायला कान लावायची गरज नव्हती.

"मशीननं पास केलं ना मले? आता पुन्हा काऊन?"

"डाक्टरीन म्हणे, पटत नाई."

"तिले नाई पटत, मले पटते. रुपालीच्या घरी समजलं, का पोट्ट्याचं काळीज तपासून राह्यले, तं सोयरीक राहीन का?" मग त्याचा आवाज खाली आला. "अन् आकडा मोठा निघाला तं तू काय करशीन, बाई? मी तलावात जाणं सोडत नाई. मंग कायले पाहाचं? बापाले माहीत नव्हतं तं तो हासत तरी गेला."

देवकाबाई ओट्यावरून उतरून घरी निघाली. मला गोपालचा राग आला, आणि त्याच वेळी हेही वाटलं की त्या वयात, त्या गाठी घेऊन, मीही असंच बोलले असते. आकडा एकदा कळला की तो परत करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मासे घ्यायच्या निमित्तानं पाळीवर गेले. जाळं ओढून झालं होतं. माल मोहाखाली येऊन पडला होता, कतला जास्त आणि वर थोडे झिंगे. सगळे देवकाबाईची वाट बघत होते. ती आली, काटा उचलला, आणि माल चढवायच्या ऐवजी तो तिनं सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवून दिला.

"फेरकाटा," ती म्हणाली.

संस्थेचे अध्यक्ष म्हातारे मुखरूभाऊ गोंधळले. "अवं, आजून मोजलंच नाई, तं फेरकाटा कायचा?"

"रक्ताचा," देवकाबाई म्हणाली. "तुमी सगळ्यांनी माह्या हाती माल देल्ला. तो लॅबवाल्यानं परत केला. नळ्या रस्त्यात फुटल्या नाई, कोनी काई म्हणो. लॅबच्या पोरानं सांगतलं होतं बर्फ लावू नको. म्या लावला. वरून मीठ टाकलं. माह्या हातून खराब झाला. नेम हाय तसा मी काटा खाली ठेवला. आता मी फेरकाटा मांगून राह्यली. सगळ्याचा."

मग मागून पोचू नावाचा एक थट्टेखोर गडी म्हणाला, "म्हंजे आपल्या रक्ताचं खारवण केलं का वं, मावशी?" आणि सगळी पाळ हसली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. देवकाबाई हसली नाही, पण तिनं मान खालीही घातली नाही.

मुखरूभाऊ म्हणाले, "राहू दे वं. रक्ताले काय कोनी माल म्हणते? तू काटा धर."

"माह्या हातून गेलेलं सारं मालच हाय, भाऊ. नेम एकाले एक न् दुसऱ्याले दुसरा नसते."

मुखरूभाऊंनी मोहल्ल्याकडं पाहिलं. फेरकाटा मागितला गेला होता, आणि मागणारीनं त्याची किंमत आधीच चुकवली होती. "ठीक हाय," ते म्हणाले. "डाक्टरीनले बोलवा. पयले मी देतो."

मी गोपालकडं पाहत होते. तो जाळं झटकत थोडा बाजूला उभा होता. त्याला आता कळलं होतं की हा फेरकाटा साऱ्या गावासाठी असला तरी मागितला एकट्यासाठी आहे. नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणाला असता तर वाट्यातून उठावं लागलं असतं, आणि तेही आईनं जो काटा नियमापायी खाली ठेवला त्याच्यासमोरून. त्यानं जाळं खांद्यावर टाकलं, आईच्या जवळून जाताना थांबला आणि एवढंच म्हणाला, "मीठ तं घरातलंच टाकलं ना? इकतचं नाई ना आणलं?" तेव्हा कुठे देवकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या वेळी स्वप्निलही शहाणा होऊन आला होता. रात्रभर विचार केला, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. बोट जोरात पिळलं की रक्तात अंगातलं पाणी मिसळतं, थेंबही अपुरा पडतो, आणि आकडा खोटाच लहान येतो. त्यानं ते पुस्तकात वाचलं होतं, पण असली बोटं पुस्तकात नव्हती. या खेपेला त्यानं माझ्या चुलीवर पाणी गरम करायला लावलं. जाळं ओढणाऱ्या प्रत्येकानं हात कोमट पाण्यात बुडवून बसायचं. मग बोटाच्या शेंड्यावर न टोचता कडेला टोचायचं, पहिला थेंब पुसायचा आणि दुसरा आपसूक येऊ द्यायचा. सगळे गडी घमेल्यात हात घालून लग्नातल्या नवरदेवासारखे गप्प बसले होते. मी त्यांची यथेच्छ चेष्टा केली.

गोपालच्या बोटातून थेंब आपणहून आला, मोठा आणि गोल. मशीननं दाखवलं दोनशे चौऱ्याहत्तर.

त्यानं त्या आकड्याकडं बराच वेळ पाहिलं. देवकाबाई त्याच्या मागं उभी होती, आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

या वेळी नळ्यांचा डबा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ती तयार झाली नाही. पॅसेंजरनं स्वतः चंद्रपूरला गेली. डबा मांडीवर, बर्फ डब्याच्या बाहेर, आणि मध्ये स्वप्निलनं दिलेलं फडकं. गर्दीत कुणी तरी तो खाली ठेव म्हणालं तर तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं आपली जागा सोडून दिली, असं तिनंच मला रंगवून सांगितलं. लॅबच्या खिडकीशी तिनं डबा उघडला आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "पयले पाहून घ्या. गोठलं असंन तं आताच सांगा." त्यानं एक नळी उजेडात धरली आणि चांगलं आहे म्हणाला. ती तरीही सगळ्या पाहून होईपर्यंत हलली नाही.

लॅबचं उत्तर आलं. गोपालचं दोनशे एक्क्याण्णव. बाकीच्यांचेही आकडे डॉक्टर बाईंनी शेजारी-शेजारी मांडून दाखवले. बोटं कोमट करून घेतली तर मशीन लॅबपेक्षा थोडंसं कमी दाखवतं, पण जवळपास सगळ्यांचं तेवढंच कमी. देवकाबाई ऐकत होती. "रोज एकाच बाजूनं?" तिनं विचारलं. डॉक्टर बाई हो म्हणाल्या. "मंग ठेवून घ्या त्याले," देवकाबाई म्हणाली. "त्याच्यासंगं संसार होते."

गोपालला रोजची गोळी सुरू झाली. गोळी म्हणजे हमी नव्हे, हे डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं. तंबाखू बंद, छातीत जरा दाटलं तरी लपवायचं नाही, आणि दर काही महिन्यांनी तपासायचं. तलाव सोडायची गरज नव्हती. ते ऐकून गोपालनं जो श्वास सोडला, त्यावरून मला कळलं की पोरगा कशाला भ्याला होता.

रुपालीच्या घरी सांगायला देवकाबाई स्वतःच गेली. लपवलेला माल दुसऱ्याच्या घरी पाठवायचा नाही, असं तिचं म्हणणं. तिथं रुपालीच्या काकांनी तोंड वाकडं केलं आणि सोयरीक लटकली. मी मनातल्या मनात त्या काकांना बरंच काही बोलून घेतलं. पण आठवड्याच्या बाजारच्या दिवशी रुपाली एका मैत्रिणीला घेऊन थेट माझ्या उपकेंद्रात आली. सडपातळ, धीट पोर. बसली नाही, उभ्यानंच विचारलं, "गोळी रोज घेतली तं चालते ना, सिस्टर?"

"रोज घेतली तर," मी म्हणाले. "विसरून चालत नाही."

"मंग त्याच्या हातात नाई देत. मी देईन." आणि ती गेली. लग्न ठरल्या तिथीला लागलं.

तो हंगाम देवकाबाईनं काट्याला हात लावला नाही. मुखरूभाऊ काटा धरत आणि त्यांना आकडे नीट दिसत नसत, त्यामुळे रोज कुणी ना कुणी कुरकुर करी. ती मोहाखाली आपला वाटा घ्यायला सगळ्यांसारखी बसे आणि कुरकुरीत सामील होत नसे. पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मुखरूभाऊंनी काटा आणून तिच्यासमोर ठेवला. तिनं तो पदरानं पुसला आणि माल चढवायला सुरुवात केली. मला तिचा अभिमान वाटला. इतकी वर्षं नोकरी केली, मोठी मोठी माणसं पाहिली, पण भर पाळीवर सगळ्यांदेखत "माझ्या हातून खराब झालं" म्हणणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

मशीन उपकेंद्रात राहिलं. आता आठ वर्षं होत आली. त्याच्या पट्ट्या मी डोळ्यात तेल घालून सांभाळते. गोपाल ठरल्या वेळी येतो, न सांगता चुलीवर पाणी ठेवतो, घमेल्यात हात बुडवून बसतो आणि मला वडशाच्या नाटकांच्या गोष्टी सांगतो. आकडा आता खाली आहे. तरी वर्षातून एकदा शिरेची नळी चंद्रपूरला जाते. तो कंटाळा करतो, पण त्याची आई दारात उभी असते आणि तिला दोन काटे लागतात.

परवा तिघंही आले होते. गोपाल घमेल्याशी बसलेला. रुपाली माझ्याकडं तक्रार घेऊन आली होती. "सिस्टर, याचे कानापासचे केस पांढरे झाले. म्हटलं डाय लावून देते, तं सासूबाई लावू नाई देत. छत्तिशीत म्हातारा दिसून राह्यला."

मी देवकाबाईकडं पाहिलं. आता तिचंही वय झालंय, पाठ थोडी वाकली आहे. ती गोपालच्या मागं जाऊन उभी राहिली आणि त्याच्या कानावरचे ते केस तिनं बोटांनी हळूच मागं सारले.

"राहू दे वं, पोरी," ती म्हणाली. "याच्या बापाचा एकबी पांढरा केस म्या पाह्यला नाई. याचे तं पाहू दे मले."